ताकसांडे साहेबांची दुसरी डिस्क

पुलगाव शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या समस्त नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, यशवंतराव ताकसांडे यांच्या घरात यापुढे कोणीही कोणाचा गुलाम म्हणून राहणार नाही. मग तो माणूस असो, मांजर असो, की नागपूरहून आणलेली हार्ड डिस्क असो.

ही घोषणा माझी नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी, अंगात बनियन, खांद्यावर दुपट्टा आणि हातात पेचकस अशा थाटात ती खुद्द ताकसांडे साहेबांनी आमच्या दोघांच्या घरामधल्या भिंतीवरून केली. ऐकायला मी एकटाच होतो आणि मी दात घासत होतो. पण साहेबांसमोर एक माणूस असो की हजार, आवाज तोच. उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला, आणि त्यातही युनियनचे शाखा सचिव. गेटसभांमध्ये बोलून बोलून त्यांच्या घशाला हळू बोलायचं वळणच राहिलं नव्हतं. घरात त्यांनी मीठ मागितलं की आमच्या घरात माझी बायको उठायची.

मी तोंडातला फेस थुंकला आणि विचारलं, “कोण गुलाम, साहेब?”

“डिस्क,” ते म्हणाले. “तो कॉम्प्युटर क्लासवाला काळमेघ फोनवर सांगून राह्यला, एक मास्टर करा, दुसरी स्लेव्ह करा. मी म्हटलं, नामंजूर.”

या शब्दाची ओळख करून देणं भाग आहे, कारण साहेबांची निम्मी ओळख तीच आहे. नामंजूर. रिटायर झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात, बागेत फिरतात. साहेबांनी नामंजुरी चालू ठेवली. फरक एवढाच की आता समोर रेल्वे नव्हती, त्यामुळे जे समोर येईल ते. न्हाव्याने सांगितलं, साहेब, टाळूवरचे केस विरळ झाले, नामंजूर. दूधवाल्याने सांगितलं, उन्हाळ्यात म्हशी कमी देतात. नामंजूर, म्हशींना आधी नोटीस द्यायला हवी होती. माझं कापडाचं दुकान आहे. मी म्हटलं, साहेब, तुमच्या अंगाला सव्वादोन मीटर लागेल, तर लगेच दुसरा ठरलेला सवाल आला, “हे कोणी ठरवलं?” मी म्हटलं, तुमच्या पोटाने. त्यावर त्यांनी दोन मीटर नेलं आणि वर्षभर तो शर्ट श्वास रोखून घातला.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला तो मुलीसाठी. ती शिकली, पुण्याला नोकरीला गेली, कॉम्प्युटर मागे राहिला. साहेबांनी त्याचा ताबा घेतला आणि पहिल्याच दिवशी त्याच्या डब्याचं झाकण उघडून माळ्यावर टाकलं. कारभार उघडा असला पाहिजे, आत काय चाललंय ते जनतेला दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. जनता म्हणजे मी, कमलताई आणि मांजर. पडद्यावर सूचना आली की साहेब तिला उत्तर द्यायचे, तेही गेटसभेच्या आवाजात. एकदा पडद्यावर आलं की पुढे जायचं असेल तर कोणतंही बटण दाबा. साहेब खवळले. “कोणतंबी म्हणजे? साफ सांग ना कोणतं. उद्या काही झालं का म्हणन, तुमीच दाबलं.” आणि दाबलं नाही. अर्धा दिवस तो पडदा तसाच वाट बघत राहिला. शेवटी मांजर कीबोर्डवरून चालत गेलं आणि गाडी पुढे सरकली. साहेबांनी मला बोलावून दाखवलं. “पाहून ठेवा, शेटजी. सही मांजरीची हाय. माझी नाई.”

आता कमलताईंबद्दल सांगतो, कारण सगळं त्यांच्यासाठी चाललं होतं. त्या साहेबांच्या पत्नी. अंगाने बारीक, बोलायला मोजक्या, पण गायला बसल्या की आमच्या गल्लीत सायकलवरून जाणारा माणूस एक पाय खाली टेकवायचा. विहारात कार्यक्रम असो, कोणाच्या घरी हळद असो, बारसं असो, कमलताईंशिवाय सुरुवात व्हायची नाही. आईकडून आलेल्या दळणाच्या ओव्या, सासूकडून आलेली लग्नातली गाणी, आणि कितीतरी त्यांची स्वतःची रचलेली. सगळी डोक्यात. कुठे लिहिलेली नाहीत, कोणी शिकून घेतलेली नाहीत.

त्यांच्या गळ्याला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ वाईट नाही, पण काढावी लागेल. आणि आवाजाची नस अगदी तिला लागून जाते, तेव्हा ऑपरेशननंतर आवाज बदलू शकतो. बसू शकतो. गाता येईलच असं सांगता येत नाही.

साहेब म्हणाले, “नामंजूर.”

डॉक्टर मोठे शांत गृहस्थ. ते चष्मा पुसत म्हणाले, “तसं मग गाठीला कळवा.”

मी सोबत होतो. परतीच्या गाडीत ते पुलगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. सिंदी स्टेशनवर चहावाला आला, त्याच्याशीसुद्धा भांडले नाहीत. ऑपरेशनची तारीख पडली होती. आणि दुसऱ्या दिवशी साहेब बाजारातून एक माइक घेऊन आले.

ठराव झाला: तारखेच्या आधी कमलताईंची सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये भरायची. एकूण एक.

मे महिना, वर्धा जिल्हा. ज्यांनी तो सोसला आहे त्यांना जास्त सांगायला नको. भिंतीला हात लावला तर भिंत चावते. अशा दिवसांत साहेबांनी बैठकीतला कूलर बंद केला, कारण तो घरघर करतो. पंखा बंद केला, कारण तो कुरकुरतो. खिडकीला गादी लावली, कारण बाहेर मी असतो. आणि कमलताईंना माइकसमोर बसवलं. त्या पदराने वारा घेत म्हणायच्या, “डॉक्टर तारीख देऊन राह्यला, पण मी त्याच्या हाताले लागत नाई आता. इथंच उकडून निघते.”

“पदर हलवू नको. आवाज येते,” साहेब सांगायचे.

एक गाणं झालं की कमलताई चूल-चहाच्या कामाला आत जायच्या. साहेब मशीनपाशीच बसून राहायचे. मग हाक मारून पुन्हा बोलवायचे, दुसरं गाणं.

आमच्या गावात कॉम्प्युटर क्लास चालवणारे गजानन काळमेघ सर एकदा येऊन बघून गेले. भर उन्हात टाय लावणारा पुलगावातला हा एकमेव माणूस. त्यांनी सल्ला दिला, “काका, असं भरलं तर खूप जागा खाते. मी तुम्हाले एक युक्ती देतो. गाणं दाबून लहान करता येते. जो आवाज माणसाच्या कानाले ऐकूच येत नाई, तो त्याच्यातून काढून टाकते.”

“ऐकू येत नाई, हे कोणी ठरवलं?”

“शास्त्रज्ञांनी, काका.”

“ते कमलचं गाणं ऐकाले आलते का?”

काळमेघ सर टाय सैल करून निघून गेले.

व्हायचं तेच झालं. डिस्क भरली. त्या एका डिस्कचे दोन कप्पे पाडलेले होते, सी आणि डी. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कमलताई. डी काठोकाठ भरला, आणि गाणी अजून कितीतरी बाकी. काळमेघ सरांना फोनवर नवल वाटलं. एवढ्यात कशी भरली, दाबून लहान केली नाहीत हे धरूनही हिशेब जुळत नाही, म्हणाले. साहेबांनी सांगितलं, “तुमाले गाण्यातलं काय समजते,” आणि फोन ठेवला.

मग मी आणि साहेब पॅसेंजरने नागपूरला गेलो आणि सीताबर्डीवरून दुसरी डिस्क आणली. हातावर मावेल एवढी लोखंडी वडी, पण साहेबांनी ती कमलताईंच्या स्वेटरमध्ये गुंडाळून येताना पूर्ण वेळ मांडीवर धरली होती. समोरच्या बाकावरच्या बाईने पदर सारत विचारलं, “किती महिन्याचं हाय?” साहेब म्हणाले, “नवीन हाय.” बाईने काजळाचं बोट लावायला हात पुढे केला, तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

आणि इथून सुरू झाला तो मुद्दा, ज्याच्यासाठी ती भिंतीवरची घोषणा झाली.

त्या काळच्या कॉम्प्युटरमध्ये एक चपटी केबल असायची, पट्ट्यासारखी. एका केबलवर दोन डिस्क लावता यायच्या. पण लावायच्या आधी प्रत्येकीच्या पाठीवर नखाएवढी प्लास्टिकची टोपी असायची, ती या खुंट्यांवर बसवली तर डिस्क मास्टर, त्या खुंट्यांवर बसवली तर स्लेव्ह. एक मालक, एक गुलाम. असे शब्द इंग्रजीत चक्क डिस्कच्या पाठीवर छापलेले. जगभरची माणसं ती टोपी चिमट्याने हलवायची आणि जेवायला जायची. कोणाच्या मनाला काही शिवलं नाही.

साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि दोन्ही डिस्कांची टोपी मास्टरवर बसवली.

कॉम्प्युटर सुरू केला. पडदा काळा. बराच वेळ काळा. मग पांढऱ्या अक्षरांत आलं की डिस्क सापडत नाही. नवीही नाही, जुनीही नाही. साहेबांनी नवी काढली. जुनी बरोबर चालली. जुनी काढून नवी लावली, तीही ओळखली. दोघी एकत्र लावल्या की पुन्हा काळोख.

मी म्हटलं, “बिघडली का हो?”

“बिघडली नाई,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. “संप केला दोघांनी. एकीले गुलाम करणार, हे समजलं त्यांले. कामच बंद.”

“पण तुम्ही तर दोघींना मालक केलंय. मग संप कोणाविरुद्ध?”

“यंत्रणेविरुद्ध.”

आणि खोटं वाटेल, पण संपाचा मान राखून त्यांनी दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिकडे तारीख जवळ येत होती. कमलताई मला भिंतीवरून म्हणाल्या, “शेटजी, तुमी तरी सांगा ना. अजून अर्धे गाणे राह्यले. ह्यायले डिस्कची काळजी पडली.” मी गेलो, सांगितलं. काळमेघ सरांना बोलवू या म्हटलं. साहेब म्हणाले, “बोलवा. वाटाघाटीले आपण कधी नाई म्हटलं नाई.”

काळमेघ सर आले. टाय, घाम, हातात फ्लॉपीचा डबा. त्यांनी आत एक नजर टाकली आणि हसले. “काका, दोन्ही मास्टर हाय म्हणून अडून राह्यलं. एका केबलवर दोन मास्टर चालत नाई. नवीवाली स्लेव्ह करा, एका मिनटात चालू.”

“नामंजूर.”

“अहो काका, ते फक्त नाव हाय.”

“फक्त नाव हाय तर बदला.”

“मी कसं बदलू? छापून आलेलं हाय.”

साहेब खुर्चीवरून उठले. मला वाटलं आता भाषण होणार आणि मी टेकून बसलो, कारण साहेबांचं भाषण मी कधी चुकवत नाही. पण ते नेहमीच्या आवाजात बोललेच नाहीत. म्हणाले, “माझा बाप समुद्रपूरकडं एका मालगुजाराकडं सालदार होता. वर्षाचा बांधलेला गडी. त्याले नाव होतं, चांगलं नाव होतं. तिथं कोणी घेतलं नाई. मंग एक दिवस तो नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्या घरची पायरी पुन्हा चढला नाई. त्याच्या पोराच्या हातानं मी कोणालेबी गुलाम लावत नाई, सर. लोखंडालेबी नाई.”

काळमेघ सरांनी हातातला फ्लॉपीचा डबा खाली ठेवला. मग सरांनी, बहुधा समजुतीने काही तोडगा काढावा म्हणून, नवा पर्याय मांडला. “मंग असं करू काका. अजून एक खुंटी हाय. तिथं टोपी लावली का आपण काही ठरवाचंच नाई. केबलच ठरवते. टोकाले जी डिस्क असन ती मास्टर, मधात जी असन ती आपोआप दुसरी.”

साहेबांनी केबल उचलली, दोन्ही टोकं पाहिली. “म्हणजे कुठं जन्मला त्याच्यावरून ठरणार, कोण वर अन् कोण खाली?”

“तसं नाई, पण…”

“तसंच हाय. हे तर आधीच्यापेक्षा खराब हाय.”

काळमेघ सरांनी टाय काढून खिशात ठेवला. तो प्रसंग पुलगावच्या इतिहासात नोंदवण्यासारखा आहे. ते जमिनीवर मांडी घालून बसले, उघड्या डब्यात बघत राहिले आणि अखेर वैतागून म्हणाले, “मंग सीडी काढून टाका.”

“त्याचा काय संबंध?”

“डब्यात केबली दोन हाय. एकीवर तुमची डिस्क, दुसरीवर सीडीचा ड्राइव्ह एकटाच बसून हाय. त्याले काढा, ती केबल नवीले द्या. एकेका केबलवर एकेक डिस्क. दोन्ही मास्टर. कोणी कोणाच्या खाली नाई.”

साहेबांनी डब्यात वाकून दोन्ही केबल बोटाने मोजल्या. “असं होते?”

“होते ना.”

“मंग इतके दिवस काऊन नाई सांगतलं?”

“आजपावतर कोणी मागतलंच नाई, काका,” सर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी अगदी सरळ मनाने म्हटलं.

सीडी ड्राइव्हला निरोप देण्यात आला. हे मी शोभेसाठी लिहीत नाही, खरंच देण्यात आला. साहेब दोन शब्द बोलले. सदर सहकाऱ्याने कोणाच्याही वर किंवा खाली न बसता इमानदारीने सेवा केली, त्याची ही निवृत्ती सन्मानाची आहे, सक्तीची नाही, वगैरे. मग नव्या नॅपकिनमध्ये गुंडाळून तो कपाटात ठेवला. कमलताईंनी सगळ्यांना पोहे दिले, वर झणझणीत तर्री. मी विचारलं, “साहेब, आता सीडी नाही म्हणजे गाणी बाहेर कोणाला कशी देणार?” ते म्हणाले, “ज्याले ऐकाची असन त्यानं घरी यावं. चहा पाजीन.”

कॉम्प्युटर सुरू झाला. दोन्ही डिस्कांची नावं पडद्यावर आली, एकाखाली एक. एकाखाली एक आली हे साहेबांना किंचित खटकलेलं मी पाहिलं, पण पोटात तर्री गेली होती, सोडून दिलं. सरांनी फ्लॉपी घालून नव्या डिस्कची जागा आखली, ती गाणी ठेवण्यालायक केली. टक्के वर चढत होते आणि साहेब गव्हाच्या पोत्यांवर नजर ठेवावी तशी नजर ठेवून बसले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने त्यांना कमलताईंना घेऊन नागपूरला जायचं होतं. बॅगा दाराशी भरून ठेवलेल्या. उरलेली गाणी त्या संध्याकाळीच उरकायची असा बेत.

इथे थांबून एक सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. ऑपरेशन नीट झालं. कमलताईंचा आवाज गेला नाही, पण घोगरा झाला, खालच्या पट्टीत उतरला. विहारात त्या अजूनही गातात, फक्त आता सायकलवाले थांबत नाहीत, हळू होतात. पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हतं, आणि पुढे जे झालं ते न माहीत असलेल्या माणसांमध्ये झालं.

विंडोज सुरू झालं. साहेबांनी रोजच्या सवयीने डी उघडला.

डी रिकामा होता.

एकही गाणं नाही. पांढरा, धुतलेल्या ताटासारखा पडदा. साहेबांनी तो बंद केला, पुन्हा उघडला. रिकामाच. इतक्या दिवसांचा घाम, बंद पंखे, खिडकीतली गादी, दळणाच्या ओव्या, सासूची लग्नातली गाणी, काही नाही. मी वाट बघत होतो की आता तो शब्द येईल. आला नाही. साहेब पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा खालचा ओठ नुसता हलत होता. काळमेघ सरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. ते पुटपुटले, “मी तर नवीचीच जागा आखली काका. जुनीले हात नाई लावला.” पण त्यांचा आवाजही पक्का नव्हता.

कमलताई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

“गेले का?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी मान हलवली.

कमलताई खुर्चीकडे गेल्या, पदर खोचला आणि माइकसमोर बसल्या. “लावा तुमचं यंत्र. जमतीन तेवढे म्हणून टाकते. पंखा बंद करा, शेटजी.”

“नको,” साहेब म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोललेले मी त्यांना प्रथमच ऐकलं. “दुखून राह्यला ना गळा. राहू दे. नको.”

तेवढ्यात काळमेघ सरांनी कपाळावर हात मारला, माउस ओढून घेतला आणि पडद्यावर आणखी एक कप्पा दाखवला. ई. हे अक्षर आजवर सीडी ड्राइव्हकडे होतं, म्हणून तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी तो उघडला. गाणी. सगळी. ओळीने, आपापल्या नावानिशी.

झालं होतं ते असं. विंडोजची रीत अशी की घरात नवी डिस्क आली की आधी प्रत्येक डिस्कच्या पहिल्या कप्प्याला अक्षर द्यायचं, मग उरलेल्यांना. त्यामुळे नवी आली ती थेट डीच्या जागेवर बसली आणि जुना डी, आतल्या गाण्यांसकट, एक घर सरकून ई झाला. गेलं काहीच नव्हतं. सरांनी हे समजावलं तेव्हा मला वाटलं, आता जुन्याची ज्येष्ठता डावलली म्हणून साहेब विंडोजविरुद्ध मोर्चा काढतील. त्यांनी नुसतं दुपट्ट्याने तोंड पुसलं, फार वेळ पुसलं, आणि म्हणाले, “एखादं लावून पाहा. बरोबर हाय का नाई.”

सरांनी एक लावलं. कमलताईंची दळणाची ओवी. गळा दुखायला लागायच्या आधीचा तो आवाज त्या भट्टीसारख्या खोलीत आला आणि आम्ही चौघेही मान खाली घालून ऐकत राहिलो. ओवी संपली. सर बंद करायला गेले, तर साहेबांनी त्यांचा हात धरला. गाणं संपूनही पडद्यावरचा काटा पुढे सरकत होता. आतून आवाज येत राहिले. भांडं ठेवल्याचा. नळाचा. आणि मग लांबून कमलताईंचा. “अहो, वरणात मीठ पाहून सांगा. ऐकून राह्यले का? नाईच ऐकत हा माणूस. उठा आता त्या डब्यापुढून. चहा होऊन राह्यला.” मग मांजरीला रागावणं. मग कुठलीशी गुणगुण, अर्धवट. मग पुन्हा, “अहो.”

सरांनी काटा पुढे ओढला. तेच. दुसरं गाणं लावलं. गाणं एवढंसं, आणि मागे लांबच लांब घरातली वटवट. तिसऱ्यातही तेच.

“काका,” सर चक्रावून म्हणाले, “गाणं संपल्यावर तुमी बंदच करत नव्हते का? अहो, हे मागचं कापलं असतं तर सगळे गाणे जुन्या डिस्कवर बसून जागा उरली असती. दुसरीची गरजच नव्हती.”

साहेब कीबोर्डवरची धूळ दुपट्ट्याने पुसू लागले. धूळ नव्हती.

कमलताई माइकसमोर तशाच बसल्या होत्या. कपाळावरचा घाम निपटत त्या म्हणाल्या, “मंग येवढ्या गरमीत मी गाणे कायले म्हणून राह्यली होती?”

आणि साहेब मान वर न करता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्या त्यांच्या गेटसभेच्या आवाजात बोलून गेले, “गाणे कोणीबी म्हणन. मले हाक कोण मारन?”